दोन घागरी मासे

सर, काकू सांगतात ते खरं आहे का?

तुमच्या मातीच्या दिवशी कुणाशीच बोलणं झालं नाही. मळ्यात माणूस मावत नव्हता. कॉलेजातले सगळे एका बाजूला उभे होते, त्यांच्यात मीही होते, आणि मला नीट दिसतसुद्धा नव्हतं. पुढं गर्दी ओसरल्यावर एका दुपारी मी एकटीच धाराशिवहून लोहाऱ्याला उतरले, तिथून जीपनं तुमच्या गावी आले. काकूंजवळ बसावं, एवढंच मनात होतं. काकूंनी चहा टाकला. रडून त्यांचे डोळे सुजले होते, पण बोलत होत्या साध्याच. तुमच्या औषधांचं, मळ्यातल्या मोटारीचं, कुठल्याशा पाहुण्याचं. बोलता बोलता म्हणाल्या,

"त्या बारवेतल्या मासळीपायी केवढे बेजार झाले व्हते गं ह्ये, त्या उन्हाळ्यात."

"कुठल्या उन्हाळ्यात, काकू?"

"तुझी लेक काचेच्या पेटीत व्हती बघ, त्या. तुला म्हाईतच असंल की."

मला काहीच माहीत नव्हतं. काकू सांगत गेल्या. बारव आटली. गावानं गाळ काढायला मशीन आणलं. मशीन उतरायच्या आधी तुम्ही घागर घेऊन गेलात, पँट गुडघ्यापर्यंत दुमडून चिखलात उतरलात आणि तळाच्या डबक्यातले मासे चहाच्या गाळणीनं धरून घरी आणलेत. मागच्या हौदात सोडलेत. त्यातले पुष्कळ मेले. पावसाळ्यात बारव पुन्हा भरली, तेव्हा हौदातले उरलेले तुम्ही नेऊन सोडलेत.

"आन एक घागर मळ्यातल्या हिरीतली," काकू म्हणाल्या.

"मळ्यातल्या विहिरीतली? काकू, नक्की?"

"नक्की म्हंजे? म्याच की धरली व्हती घागर. हौदातली एक आन हिरीतली एक. दोन घागरी वतल्या बारवंत."

चहा माझ्या हातात तसाच राहिला. काकूंना वाटलं, मला तुमची आठवण येऊन भरून आलं. त्यांनी माझ्या पाठीवरून हात फिरवला. सर, त्या क्षणी मला रडू येत नव्हतं. मी मनातल्या मनात माझ्या प्रबंधाची पानं उलटत होते.

तुम्हाला काय सांगायचं, तुम्हालाच तर सगळं ठाऊक आहे. तरीही सांगते, कारण पहिल्यापासून क्रमानं सांगितलं तर मलाच काहीतरी उमगेल अशी आशा आहे.

बी.एस्सी.ला तुम्ही मला शिकवलंत. पुढं मी त्याच कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायला लागले, आणि तुम्ही निवृत्तीला आलेले असताना तुमच्याच हाताखाली पीएच.डी.ला नाव घातलं. विषय काय घ्यावा यावर आपण किती घोळ घातला होता! मला मोठी धरणं, मोठे मासे हवे होते. तुम्ही म्हणालात, "धरणाला मोठं नाव लागतं, बोट लागती, पैसा लागतो. माझ्या गावाला चला. दोन पाणी दाखवतो."

दोन पाणी म्हणजे तुमच्या मळ्यातली ओढ्याकाठची गोडी विहीर आणि गावाबाहेरची मचूळ पाण्याची, पायऱ्यांची जुनी बारव. दोन्हींत गप्पी मासे होते. डास होऊ नयेत म्हणून आरोग्य केंद्राच्या लोकांनी फार वर्षांपूर्वी एकाच टाक्यातले मासे दोन्हीकडं सोडले होते. ते सोडताना तुम्ही तिथं हजर होतात. गप्पीची पिल्लं दोन-तीन महिन्यांत वयात येतात, म्हणजे तेवढ्या वर्षांत त्यांच्या कितीतरी पिढ्या होऊन गेल्या होत्या. बारवेच्या पायरीवर बसून तुम्ही ओंजळभर पाणी मला प्यायला लावलंत. मी तोंड वाकडं केलं तसे हसलात. "एका आईची लेकरं. एक गोडं पितंय, एक ह्ये पितंय. दोघंबी मजेत हायत. कसं काय, ह्ये शोधा."

तेव्हा तो प्रश्न किती सरळ वाटला होता!

त्या दिवशी परतताना जीपमध्ये माझ्या मांडीवर बर्फाचा डबा होता. शेजारी पागोटंवाले एक आजोबा बसले होते. त्यांनी विचारलं, "गुर्जी, खायचे मासे हायत व्हय?"

"खायचे न्हाईत. ह्येंचे कल्ले पाह्यचेत," तुम्ही म्हणालात.

"कल्ल्यात काय असतंय?"

आणि लोहारा येईपर्यंत तुम्ही त्या माणसाला सगळं समजावलंत. गोड्या पाण्यात माशाच्या अंगातलं मीठ बाहेर निसटू बघतं आणि पाणी आत घुसतं. कडक उन्हाळ्यात बारवेचं पाणी तळाला जातं तेव्हा ते माशाच्या रक्ताहून खारट होतं, मग सगळं उलटं. मीठ आत घुसतं, पाणी बाहेर निघून जातं. कल्ल्यांतल्या काही पेशींमध्ये मिठाची ने-आण करणारे बारीक पंप असतात. एकीकडं ते मीठ आत ओढायला कामाला लागतात, दुसरीकडं बाहेर फेकायला. हे पंप कसे बांधायचे ते जनुकांत लिहिलेलं असतं. आता प्रश्न असा, की बारवेतल्या माशांच्या जनुकातली अक्षरंच बदललीत, का अक्षरं तीच राहून नुसती जोरानं वाचली जातायत?

आजोबांनी विचार केला आणि म्हणाले, "काय का असंना, जगलेत न्हवं?"

तुम्ही इतके खूश झालात की त्यांचं भाडं दिलंत.

आपलं भांडण तिथूनच सुरू झालं. तुम्ही अक्षरांच्या बाजूचे होतात. म्हणायचात, ज्यांच्या अंगी जन्मतः काही वेगळं होतं ते बारवेत टिकले, बाकीचे मेले, आणि आज जे दिसतायत ती टिकलेल्यांची पोरं. मी वाचण्याच्या बाजूची. मला वाटायचं, गप्पी मुळातच चिवट मासा. त्याला कुठंही टाका, आठवडाभरात त्याचे कल्ले त्या पाण्याला सरावतात, अक्षर बदलायची गरजच काय? गावात जीपमधून उतरलं की तुम्ही रस्त्यात भेटेल त्याच्याशी कानडीत बोलायला लागायचात, आणि वर्गात तुमची मराठी अशी की व्याकरणाच्या मॅडमनी ऐकत राहावं. मी एकदा म्हणाले, "सर, तुमची कानडी अक्षरांत आहे की वाचण्यात?" तुम्ही म्हणालात, "ह्यो पुरावा धरता यायचा न्हाय. मासा एकच हाय."

त्यानंतर माझं बाळंतपण आलं. सातव्या महिन्यातच. सोलापूरच्या दवाखान्यात लेक काचेच्या पेटीत होती आणि मी बाहेर बाकावर. किती दिवस तसे गेले ते मला आजही नीट सांगता येत नाही. तुम्ही आणि काकू येऊन गेलात. तुम्ही काचेजवळ उभे राहून तिच्याकडं बघत राहिलात आणि बाहेर येऊन म्हणालात, "श्वास घेतीय की चांगला. काय काळजी करू नका." मी विचारलं, "बारव कशी आहे?" काहीतरी विचारायचं म्हणून. तुम्ही म्हणालात, "बारव हाय जाग्यावर."

हाय जाग्यावर. सर, तेव्हा तुम्ही घागर घेऊन चिखलात उतरून आला होतात का, की उतरायचं बाकी होतं? काकूंना तो दिवस आठवत नाही. मी हे वाक्य किती वेळा उलटून पालटून पाहिलं. त्यात खोटं असं एक अक्षर नाही.

मी परत कामावर आले तेव्हा पाऊस होऊन गेला होता. बारव काठोकाठ भरलेली. आपण दोघांनी मिळून मासे धरले. तुम्ही जाळीचा एक दांडा धरला होता, मी दुसरा. माझं सगळं खरं काम त्या माशांवर झालं. कल्ले काढायचे, आरएनए टिकवणाऱ्या द्रवात बुडवायचे, बर्फात ठेवून विद्यापीठात न्यायचे, तिथं पंपाचं कुठलं जनुक किती जोरानं वाचलं जातंय ते मोजायचं. बारवेतले मासे मी कॉलेजच्या टाक्यांत गोड्या पाण्यात वाढवले. त्यांना पिल्लं झाली. मग टाकीत थोडं थोडं मीठ वाढवत न्यायचं आणि मासा डगमगला की लगेच उचलून गोड्या पाण्यात टाकायचा. एकही मरता कामा नये, ही तुमची ताकीद.

पिल्लांनी जन्मात कधी मचूळ पाणी पाहिलं नव्हतं. तरी ती विहिरीतल्या पिल्लांपेक्षा जास्त मीठ सहन करत होती. मी उड्या मारत तुमच्याकडं आले. इतकी वर्षं तुमच्याशी भांडत होते आणि आता मीच तुमच्या बाजूनं पुरावा आणला होता. मला वाटलं, तुम्ही पेढे मागवाल.

तुम्ही खुर्चीत मागं टेकलात. "पिल्लं आईच्या पोटात व्हती, तवा आई कुठल्या पाण्यातनं आली व्हती? बारवेतल्याच की न्हाई? आईचाबी परिणाम असतो. नातवंडं बघा."

बरोबरच होतं. गप्पी अंडी घालत नाही, पिल्लंच घालते. आईनं काय सोसलं त्याची खूण पोटातल्या पिल्लावर उमटू शकते, अक्षर न बदलता. मी नातवंडं वाढवली. आणि तिथं सगळं विस्कटलं. एका आईची नातवंडं मीठ झकास सोसत होती, शेजारच्या टाकीतली विहिरीतल्यांसारखी पटकन डगमगत होती. मी पुन्हा केलं. तसंच. मग मी प्रकरण लिहिलं, की बारवेतल्या माशांचा वेगळेपणा वंशपरंपरेनं उतरतो, मात्र त्यांच्यात आपापसांतही पुष्कळ फरक आहे. मसुदा तुमच्याकडं दिला. तो तुमच्याकडंच राहिला. आज बघतो, उद्या बघतो. मी चिडत गेले. घरी नवऱ्याला म्हणायचे, सरांचं वय झालं, त्यांना आता कशाचीच खात्री वाटत नाही.

त्या दिवशी प्रयोगशाळेच्या दारात आपलं जे झालं ते मला आता वेगळंच ऐकू येतं. मी म्हणाले होते, "सर, माझं काम संपूच द्यायचं नाही का तुम्हाला?"

तुम्ही चष्मा काढून पुसत राहिलात. मग म्हणालात, "रेखाबाई, ह्ये मासे बारवेतलेच हायत, कशावरनं?"

"मी धरलेत की बारवेतून. तुम्ही सोबत होतात."

"व्हय," तुम्ही म्हणालात. "व्हतो."

आणि निघून गेलात. मला वाटलं, तुम्ही टोमणा मारलात. रेखाबाई तुम्ही रागात असलात तरच म्हणायचात. पण तो राग माझ्यावर होता का, सर? की दार उघडून उभे होतात आणि मी आत आले नाही? हे दोन्ही अर्थ मी आलटून पालटून लावून पाहते. सकाळी एक खरा वाटतो, दुपारी दुसरा.

मग तो शेवटचा फोन. परीक्षा चालू होत्या, माझी पर्यवेक्षणाची ड्यूटी होती. तुम्ही म्हणालात, "एकदा गावाकडं या. बोलायचंय."

"सांगा की फोनवर."

"फोनवर न्हाय जमायचं."

रविवारी येते म्हणाले. तुम्ही शुक्रवारीच गेलात, मळ्यात मोटार चालू करायला म्हणून बाहेर पडलात ते परतलाच नाहीत.

काकूंकडून ते घागरींचं ऐकल्यावर माझी खात्रीच पटली, की तुम्हाला हेच सांगायचं होतं. मी काकूंना तसं म्हणालेसुद्धा. काकू म्हणाल्या, "न्हाय गं. आंबे उतरवले व्हते. रेखाला पेटी द्यायचीय म्हणत व्हते. एस.टी.त टाकली तर नासत्यात, म्हणून तुला बोलवीत असतील."

आता मी काय समजायचं? आंबे, की मासे? आंबे फोनवर का सांगता आले नसते? पण तुमचं फोनवरचं बोलणं नेहमीच तसं होतं. दूध संपलंय हेसुद्धा तुम्ही काकूंना फोनवर सांगत नसायचात, घरी येऊन सांगायचात.

घागरींचं कळल्यावर पहिले काही दिवस मी तुमच्यावर भयंकर चिडले होते. तुमच्या फोटोला हार घालून कॉलेजात शोकसभा झाली, मला दोन शब्द बोलायला सांगितलं, आणि मी उभी राहून सांगितलं की सरांनी मला शंका घ्यायला शिकवलं. लोकांना ते आवडलं. मी मात्र खाली बसून हिशोब मांडत होते. कित्येक वर्षं टाक्या धुतल्या, लाइट गेली की हवेच्या पंपासाठी इन्व्हर्टर ओढत नेला, लेक तापानं फणफणलेली असताना माशांना खाणं घालायला आले. आणि ज्या माशांवर हे सगळं केलं, ते सगळे बारवेतले नव्हते हे तुम्हाला माहीत नव्हतं असं तर नाहीच. तुम्हालाच तेवढं माहीत होतं.

काकूंना मी विचारलं, मला का नाही सांगितलं? त्या म्हणाल्या, "लेकरू त्या पेटीत, तू बाकावर. ह्ये म्हणले, आत्ता नको. तिला दोन्हीकडनं वाईट ऐकायला नको."

"आणि नंतर?"

"नंतर ऱ्हायलंच आसंल."

वर्षानुवर्षं राहिलंच? माझ्यासारखीनं विसरलं असतं, तुम्ही नाही. वर्गात तुमचं एक वाक्य ठरलेलं असायचं, निरीक्षण करणाऱ्यानं मधे हात घालायचा नाही. बारव आटली, मासे मेले, तर तेही लिहून ठेवायचं आणि गप्प बसायचं. तुमच्या नियमानं तुम्ही त्या दिवशी काठावर बसून राहायला हवं होतं. तुम्ही चहाची गाळणी घेऊन उतरलात. कशासाठी? माझं काम वाचावं म्हणून? की डबक्यात तडफडणारी ती पोरं बघवली नाहीत म्हणून? आणि वाचवलेले सोडलेत ते समजलं, पण मळ्यातली ती दुसरी घागर कशाला, सर? बारव रिकामी दिसू नये म्हणून? ती रिकामी बघून मला कसं वाटेल, हा विचार होता का त्यात?

यावर मी जितका विचार करते तितका राग उतरतो आणि मग उतरला म्हणून पुन्हा येतो.

बसून राहण्यात अर्थ नव्हता. कपाटात मागं त्या जुन्या बाटल्या होत्या. पहिल्या वर्षी, दुष्काळाच्या आधी, आपण बारवेतून आणि विहिरीतून धरलेले मासे अल्कोहोलमध्ये ठेवलेले. आरएनए त्यात टिकत नाही, म्हणून त्या माझ्या कामाच्या नव्हत्या. पण डीएनए टिकतो, म्हणजे अक्षरं टिकतात. विद्यापीठानं तुमच्या जागी दुसऱ्या मार्गदर्शक दिल्या आहेत, माझ्याहून लहान आहेत, हुशार आहेत. त्यांना मी सगळं सांगून टाकलं. त्या म्हणाल्या, "मॅडम, मग जुन्यांची आणि नव्यांची अक्षरं ताडून बघू या की."

ताडून पाहिली. दुष्काळाआधीच्या बारवेतल्या जवळजवळ सगळ्या माशांत पंपाच्या जनुकात एक अक्षर वेगळं होतं. विहिरीतल्यांत ते क्वचितच सापडतं. नंतरच्या बारवेत ते काहींत आहे, काहींत नाही, काहींत आईबापांपैकी एकाकडून आलेलं आणि दुसऱ्याकडून नाही. म्हणजे हौदातले तुमचे मासे जगले. त्यांची विहिरीतल्यांशी सोयरीक झाली. नातवंडांच्या टाक्यांत जे विस्कटलं होतं ते यामुळंच. वेगळ्या अक्षराची नातवंडं मीठ सोसत होती.

हे कळल्यावर मी टेबलावर डोकं टेकून रडले. तुम्ही बरोबर होतात, अक्षरं बदलली होती. पण थांबा. बारवेत आज असेही मासे आहेत ज्यांच्यात ते अक्षर नाही, जे सरळ तुमच्या दुसऱ्या घागरीतून आलेले, आणि तेही मजेत आहेत. त्यांच्या कल्ल्यांत पंपाचं जनुक नुसतं जोरानं वाचलं जातंय. म्हणजे मीही बरोबर होते. बारवेतल्या एकाच पाण्यात दोन्ही गोष्टी शेजारी शेजारी पोहतायत.

अजून एक आहे. तुम्ही असता तर मला बसूच दिलं नसतं. म्हणाला असता, आरोग्य केंद्रवाल्यांनी बारवेत मुळात मूठभरच मासे सोडले व्हते. त्यांच्यातच योगायोगानं ते अक्षर जास्त असलं तर? मग निवड कुठली, नशीबच की. सर, ते अक्षर मीठ सोसायला मदत करतं हे दिसतंय. ते बारवेत मिठामुळं वाढलं, की सुरुवातीच्या मुठीतच होतं, हे त्या पहिल्या टाक्यातले मासे बघितल्याशिवाय सांगता येणार नाही, आणि ते टाकं आता नाही. तुमच्याशी भांडता भांडता कुणीतरी एक हरलं असतं आणि काहीतरी ठरलं असतं. आता मी दोन्हीकडून बोलते आणि काहीच ठरत नाही.

प्रकरण नव्यानं लिहायला घेतलं. पहिलंच वाक्य असं लिहिलं, की दुष्काळात बारव आटल्यानंतर तिच्यात दोन्ही ठिकाणचे मासे सोडण्यात आले. नव्या मार्गदर्शकांनी पेन्सिलनं खूण केली. "कुणी सोडले? लिहावं लागेल, मॅडम."

मी लिहीना. तुम्हाला न ओळखणारा कुणीतरी उद्या हा प्रबंध उघडेल आणि त्याला तुमच्याबद्दल एवढंच कळेल, की मार्गदर्शकांनीच प्रयोग बिघडवला आणि सांगितलं नाही. तो चिखल, ती गाळणी त्याला दिसणार नाही. प्रबंधात ते लिहिता येत नाही. म्हणून मी परवा पुन्हा गावी गेले, काकूंना विचारायला.

काकूंनी ऐकून घेतलं. मला वाटत होतं, त्या नको म्हणतील, आणि नको म्हणाल्या तर मला सुटल्यासारखं होईल.

"त्येंचं नाव छापून येणार व्हय?"

"हो. पण चांगलं म्हणून नाही, काकू. लोक म्हणतील, सरांनी चूक केली."

"सोडले त्येंनीच न्हवं?"

"हो."

"मग लिही की. खोटं कशाला लिहायचं." पुढं म्हणाल्या, "का सोडले, त्ये बी लिहिणार का?"

"ते मला माहीत नाही, काकू. तुम्हाला माहीत आहे?"

काकूंनी मान हलवली. चाळीस वर्षं संसार केलेली बाई, तिलाही माहीत नव्हतं. मला उगाचच बरं वाटलं.

मला नवे नमुने घ्यायचे होते, म्हणून बारवेकडं निघाले. काकू म्हणाल्या, मी बी येते. तुम्ही गेल्यापासून त्या घराबाहेर पडल्याच नव्हत्या. त्यांनी वाटीत ज्वारीचं पीठ घेतलं, डोक्यावर पदर नीट केला आणि माझ्या खांद्याला धरून बारवेच्या पायऱ्या उतरल्या. इतकी वर्षं तुम्ही त्या बारवेत रमलात, पण काकू पाण्यापर्यंत कधी उतरल्या नव्हत्या म्हणे, त्या दिवशी घागर धरली तीही वरच्या पायरीवरूनच. शेवटच्या पायरीवर त्या बसल्या आणि वाकून बघू लागल्या. ऊन पाण्यात तळापर्यंत गेलं होतं. बारीक मासे पायरीच्या कडेनं फिरत होते, नरांच्या शेपट्यांवरचे ठिपके चमकत होते.

"ह्यातले ह्यांनी वाचवलेले कंचे?"

"ओळखू येत नाहीत, काकू. सगळे मिसळलेत."

"तुला बी न्हाय?"

"मलाही नाही."

काकूंनी वाटी पाण्यावर धरली आणि चिमटीनं नाही, मूठ भरभरून पीठ टाकलं, या कडेपासून त्या कडेपर्यंत, हात पुरेल तिथवर. सगळीकडून मासे वर आले.